चाळीस गाड्या, एक पासवर्ड

(ट्रक डेपोतलं ऑफिस. सकाळ.)

भाची : मामा, कपाटाच्या दारावर हे खडूनं काय लिहिलंय?

मामा : गाड्यांचा पासवर्ड. चाळीस ट्रकांना मिळून एकच. डोक्याला ताप नाही.

भाची : ताप मला आलाय! मी गाड्यांची सुरक्षा तपासायला आलेय आणि तुम्ही चोराच्या हाती किल्ली देऊन बसलाय.

मामा : अगं, चोरी रोखायला गाडीत बसवलेला डबा चुकून चोरी झाली समजून मधेच इंजिन बंद करतो. ड्रायव्हर आडरानात अडकतो, इथं फोन करतो. जो फोन उचलेल त्यानं इथूनच पासवर्ड टाकून गाडी चालू करून द्यायची. म्हणून दारावर.

भाची : म्हणजे सगळ्यांना पाठ?

मामा : सगळे आपलेच आहेत.

भाची : आणि गेल्या महिन्यात ज्या मेकॅनिकला हाकललंत, तो?

मामा : त्यालाही असणारच.

भाची : हे बघा. माझा साधा फोन. तुमचा पासवर्ड टाकला, सतरा नंबरची गाडी स्क्रीनवर उघडली. आता हे बटण दाबलं की इंजिन बंद.

मामा : हात काढ आधी! सतरावर तुझा दादा आहे. आत्ता घाट उतरत असेल तो.

भाची : नाही दाबत, मामा. बसा तुम्ही.

मामा : भरली गाडी उतारावर बंद पडली तर स्टिअरिंग वळत नाही गं. तीस वर्षं गाड्यांखाली काढली मी. मला कळायला नको होतं?

भाची : मला 'नापास' लिहावं लागेल. पासवर्ड बदलेपर्यंत सगळ्या गाड्या उभ्या.

मामा : निवृत्तीला पाच महिने राहिलेत. 'सुधारणा हवी' एवढंच लिही ना. रविवारी गाड्या डेपोत आल्या की एकेका डब्याचा पासवर्ड बदलतो गुपचूप. अंगाखांद्यावर खेळवलंय तुला.

भाची : म्हणून तर हात चालत नाहीये माझा. पण रविवारपर्यंत दादा रोज तो घाट उतरणार.

मामा : घाटाखालच्या पंपावर फोन लावतो. सतरा दिसली की थांबवा म्हणतो. मग बाकीच्यांना.

भाची : आणि अहवालात 'जबाबदार कोण' असा रकाना आहे. मालकांचं नाव टाकू?

मामा : पासवर्ड बदला म्हणून मालकांनी दोनदा पत्र दिलं होतं मला. दोन्ही त्या ड्रॉवरमध्ये आहेत. काढ आणि अहवालाला जोड.