सिरिलच्या नावाची पत्रं

आमच्या यॉर्कशरमधल्या गावात, घरपट्टी घेणाऱ्या कौन्सिलच्या कचेरीत, रांगेत माझ्यापुढे दोन शेजारणी होत्या.

“ग्लेनिस, जप्तीवाल्याला घरात घेतलंस कशाला? दार उघडलं नसतंस तर त्याला आत येता आलं नसतं.”

“पावसात भिजत होता गं. चहा दिला त्याला.”

“आणि चहा पिऊन त्याने सामानाची यादी केली.”

“सिरिलची खुर्चीसुद्धा लिहिली. शुक्रवारी न्यायला येणार आहे.”

“नवरा जाऊन आठ महिने झाले. घरपट्टी थकल्याची एवढी पत्रं आली, एकही फोडलं नाहीस?”

“त्याच्या नावाची होती. पन्नास वर्षांत त्याचं टपाल मी कधी फोडलं नाही.”

“आज आधी तो गेल्याचं सांग. एकटीला सूट मिळते.”

“सांगितलं की मग त्याच्या नावाने घरात काहीच येणार नाही, मॅविस.”