चाकावरची सीट नको

आमच्या आईची गंमत तुम्हाला सांगायचीच राहिली. ताईने तिला अमेरिकेला बोलावलं आणि गुडघे दुखतात म्हणून तिकीट काढलं थेट बिझनेस क्लासचं. मी सीट निवडायला बसलो, तर जन्मभर येवला-नाशिक एसटीने फिरलेली आई म्हणाली, "चाकावरची नको. आन् उन्हाच्या बाजूची तर नकोच."

"अगं, विमान ढगांच्या वरून जातं."

"मंग तर ऊन लयच लागंल!"

मी फोटो दाखवला. "हे बघ, सीटचा पलंग होतो. मस्त झोपून जा."

आई फोटोतल्या खिडकीकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "खिडकीचीच घे. ऊन लागलं तर लागू दे. ढग वरून बघायचे सोडून झोपतं का कुणी?"