बाल्कनीतलं हिरवं

गडमुडशिंगीच्या बसची रांग होती, आणि प्रियदर्शनी सासूवर, शालूबाईंवर, अशी करवादत होती की अख्खी रांग ऐकत होती.

"आत्ती, रोजचं पाणी, शेणखत बारक्या टोमॅटोला म्हटलेलं. शोभेच्या गवताला आठवड्याला तांब्याभर बास."

"गवताला उपाशी ठिवू व्हय?"

"टोमॅटो वाळला की तिकडं! आणि गवत गुडघाभर वाढवून कापलंसा कशाला?"

शालूबाईंनी पदराखालची पेंढी पुढं केली. "म्हशीला."

"फ्लॅटात आलो तवाच इकली न्हवं म्हस?"

"इकली. पर हाय गावातच, केरबाच्या गोठ्यात."

"वरीस झालं. वळखंल का ती तुमास्नी?"

"म्हणून तर हिरवं न्यायचं की गं."

बस आली. प्रियदर्शनीनं पेंढी आपल्या काखेत घेतली.

"चढा आधी. सांडतंय सगळं."