चौथा कोपरा

— आणि मला मावशी म्हणू नका. तुमची-माझी ओळख अर्ध्या तासाची, त्यातली वीस मिनिटं तुम्ही माझ्याकडून किल्ली घेऊन शेजारच्या त्या रिकाम्या घराच्या भिंती ठोकत होतात, मी खिडकीतून बघत होते. भिंती ठोकून काय कळतं? नवा रंग कळतो. माती कुठली घेतलीत — दाखवा ती पिशवी — ही? ही फाटकाजवळची. तांबडी, खडबडीत, बोटाला चिकटत नाही. ही इथली नाहीच मुळी. हा मुरूम, माझ्या जावयानं ते घर विकायला काढलं तेव्हा दोन ट्रक आणून पसरलाय. येणारा प्रत्येक शहाणा गाडीतून उतरतो, वाकतो आणि तिथलीच मूठभर उचलतो — वर ती तपासायला पाठवतो. पाठवा की. मुरूम उत्तम आहे असा कागद येईल.

बसा. नको, उभेच राहा, चपलेला काय लागलंय ते बघा आधी. घराच्या मागून आलात ना? ती खरी. काळी. घ्या चिमूटभर, पाणी लावा, तळहातावर वळा — वळा हो, हात धुता येतात — झाली ना वात? करंगळीपेक्षा लांब झाली तरी तुटली नाही. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते, उन्हाळ्यात भेगेत माझी काठी मुठीपर्यंत जाते. माझ्या या दाराला तीनदा रंधा मारलाय. तरी हे घर चाळीस वर्षं उभं आहे, का? पाया खाली कठीण लागेपर्यंत नेलाय म्हणून. हे मला कुणी शिकवलं नाही, मी चौथी शिकलेली बाई. बाटलीत माती-पाणी हलवून ठेवायचं, सकाळी थर बघायचे. खड्डा खणायचा, पाणी ओतायचं, मुरायला किती वेळ लागतो ते बघत बसायचं — सगळं आपलं आपण. या भागातले गवंडी पायाची दोरी लावायच्या आधी मला विचारायला यायचे. यायचे म्हणाले मी. आता येत नाहीत.

का म्हणून काय विचारता, त्या घरातूनच तर आलात. माझ्या लेकीचं ते. मीच तिला म्हटलं, भाड्याच्या खोल्यांत कशाला राहता, माझ्या शेजारी बांधा. गवंडी म्हणाला, चारी कोपऱ्यांत खड्डे घेऊन बघू. तीन घेतले, मी स्वतः शिडीनं खाली उतरले, पहारीनं ठोकून पाहिलं, कठीण. चौथ्या कोपऱ्याला माझी लिंबोणी. मुळं तुटतील, म्हटलं, तीन सारखे निघाले तर चौथा काय वेगळा निघणार — मी सांगते ना. आणि मी सांगितलं की पुढं कुणी बोलायचं नाही.

ती लिंबोणी बघितलीत? उन्हाळ्यात आवारातली बाकीची झाडं माना टाकतात आणि हिचं एक पान पिवळं पडत नाही. लावली तेव्हापासून. मी लोकांना सांगायची, माझ्या हाताला गुण आहे. हाताला! शिकलेल्या इंजिनियरांची तोंडं मातीच्या जोरावर बंद करणारी बाई मी, आणि मला एवढं विचारता येऊ नये की हे झाड पाणी पितंय कुठून? खाली जुना खड्डा होता. माझ्याही आधी कुणीतरी विटांसाठी माती काढून नेली, मग राख, खापरं, उकिरडा टाकून सपाट केलं; त्या भुसभुशीत भरावात पाणी साठून राहायचं. दुसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघराचा कोपरा खाली बसला. लेक ओट्याशी उभी होती — फार लागलं नाही, फळीवरचे डबे खांद्यावर आले तेवढेच. पण भिंत फाटली आणि त्या फटीतून तिला लिंबोणी दिसली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. बोलली असती तर भांडता आलं असतं, भांडणात मी कुणाला हरत नाही. तिनं सामान बांधलं. आता कुठंतरी चौथ्या मजल्यावर राहते, गॅलरीत कुंडीसुद्धा ठेवत नाही म्हणे.

जावयानं फट बुजवून वर रंग काढला, आता फोनवर म्हणतो, आई, कुणी विचारलं तर माती चांगली आहे एवढंच सांगा, तुमचा शब्द चालतो. माझा शब्द! म्हणून मी खरं ते सांगते, तुम्ही सातवे, आधीचे सहा इथूनच परत पाठवलेत. तुमच्या भल्यासाठी वाटलं? तुमचं भलं नि माझा काय संबंध. लेक वर्षातून एकदा येते, ते घर झाडून काढते, किल्ली माझ्याकडून घेते नि माझ्याकडेच देते. तोंडाकडे बघत नाही, पण हात तर पुढे करते. घर विकलं गेल्यावर ती इथं कशाला —

हे तुम्हाला कशाला सांगत बसले मी.

कुदळ दाराआड आहे, खात्री करायची तर लिंबोणीखाली खणा, हातभर खाली राख लागेल. नको ना? मग निघा. फाटक उचलून ओढा, नुसतं ढकललं तर लागत नाही. आणि किल्ली. टेबलावर नको. इकडे, माझ्या हातात द्या.