खांदा बदलायची जागा

—नाही, नाही, माइक तिथे नको, दादा, पायापाशी नको. पेडल दाबलं की खट्कन वाजतं, ते सगळ्या हॉलला ऐकू जाईल. सात पेडल आहेत या हार्पबाईला आणि माझे पाय दोनच. वर घ्या जरा, त्या लाल तारेसमोर. हां. तारा रंगीत कशाला म्हणून सगळेच विचारतात — अहो, नाहीतर एवढ्या तारांत मी माझी वाट कशी शोधणार? बसा तुम्ही. मला सूर लावायला वेळ लागतो. वरचे दिवे तापले की तारा उतरतात, म्हणून मी दुपारीच दिवे लावायला सांगते. लोकांना वाटतं हार्प म्हणजे पांढरा झगा आणि ढग. हे हात बघा माझे. सुताराला शोभतील असे घट्टे आहेत.

हल्लीचे कार्यक्रम? आहेत की. परवा एका हॉटेलात वाजवलं, जेवणाच्या वेळी — मॅनेजर येऊन म्हणतो, मॅडम, जरा हळू, पाहुण्यांना सूप पिताना लक्ष लागत नाही. मग ऑर्केस्ट्रात. तिथे मी नुसती मात्रा मोजत बसते, एकदा सगळ्या तारांवरून हात फिरवते आणि परत मोजत बसते. आणि दर गुरुवारी हॉस्पिटलात, लहान मुलांच्या वॉर्डात. ते माझं स्वतःचं काम, कुणी सांगितलेलं नाही. अंगाया गोळा करते मी. नर्स, आया, कुणाची आजी — कुणी गुणगुणलं की ऐकायचं, हार्पवर बसवायचं, मुलांपुढे वाजवायचं. त्यातली पहिली आमच्या आईची. आज शेवटी वाजवणार आहे ती तीच.

ऐकलीत? असणारच. सगळ्यांनी ऐकलीय. पण कुणाची म्हणून? बघा! धाकटीची. माझी सख्खी बहीण हो. आज पहिल्या रांगेत मधोमध बसणार आहे, प्रमुख पाहुणी. तिच्या अल्बमवर छापलंय, चाल तिची स्वतःची. आणि ती चाल तिला दिली कुणी? मीच. वॉर्डात मी वाजवताना एका मुलाच्या आईने मोबाइलवर घेतली होती, धाकटी म्हणाली, ताई, किती गोड गं, मला पाठव ना — पाठवली. तीही अर्धीच! मध्येच ते मूल ओकलं, त्या बाईने मोबाइल टाकला आणि धावली. तेवढ्या अर्ध्यावर आमच्या बाईंनी पियानोवर गाणं केलं.

आता गंमत ऐका. आमची आई ती अंगाई म्हणताना मध्ये थांबायची. का? तर बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायला. हात अवघडायचा तिचा. मग दुसऱ्या खांद्यावर दुसरा अर्धा भाग. मी ती जागा तशीच ठेवलीय — दोन्ही तळवे तारांवर ठेवायचे, हे असे, आवाज बंद — आणि मग पुढे. धाकटीचं गाणं तिथेच संपतं. तिला वाटलं तोच शेवट! मुलाखतीत काय सांगते, 'ही शांतता म्हणजे माझ्या आईचं जाणं.' अगं, जाणं कसलं? तुला उचलून दुसरीकडे घेत होती ती!

फोन केला ना. फक्त एवढंच म्हटलं, चाल आईची असं छाप. माझं नाव नको, आईचं घाल. तर म्हणते, 'ताई, तू तरी काय करणार होतीस तिचं? वॉर्डात वाजवत बसणार?' वॉर्डात वाजवत बसणार! तेव्हापासून तारा लावताना मला तेवढंच ऐकू येतं.

म्हणून आज. मी वाजवत त्या जागेपर्यंत येणार. तळवे ठेवणार. तिला वाटेल संपलं, ती टाळीसाठी हात उचलेल — पहिली टाळी नेहमी तिचीच असते — आणि तेव्हा तुम्ही बटण दाबायचं. आईचा आवाज. बाबांनी टेपवर अख्खी अंगाई घेतलीय, त्यातला दुसरा अर्धा भाग. हात तसेच हवेत राहिले पाहिजेत तिचे. अख्ख्या हॉलने बघितलं पाहिजे. मी एक शब्द बोलणार नाही. असे बघू नका हो माझ्याकडे. मुंगी बघून पाऊल टाकणारी बाई आहे मी. पण हे मी करणार.

लावा एकदा, आवाज किती लागतो बघू. लहानपणी ऐकली होती, मग टेपरेकॉर्डरच बिघडला. — हां. हीच. अगदी हीच. थांबली बघा, आता खांदा बदलतेय, लुगड्याची सळसळ ऐका —

बंद का केलंत?

हो. ऐकलं मी. 'तू गप गं, तिकडे हो. माझी चिमी उठेल.' चिमी म्हणजे धाकटी. आणि 'तू' म्हणजे... तो बारीक आवाज येतोय ना मागून, सोबत म्हणणारा, तो माझा. पलंगाच्या कडेला उभी असणार मी. तेवढं काढून टाका. पुढचं ठेवा. का नाही? एवढी यंत्रं आहेत तुमच्याकडे! — चिकटून आहे. हो. बोलता बोलताच सूर धरलाय तिने.

हे ऐकलं तर ती रडेल. पहिल्या रांगेत, मधोमध. आणि धाकटी रडली की झालं, अख्खा हॉल तिचे डोळे पुसायला धावणार. मी हे पाळण्यापासून बघत आलेय.

टेप नको. द्या इकडे. दुसरा भाग मीच वाजवते. तिला तो येत नाही, येणारच नाही. झोपलेली असायची ना ती तोवर. जागी मी असायचे.

पहिल्या रांगेकडचा स्पीकर मोठा ठेवा. अजून मोठा. आणि जा तुम्ही, मला सूर लावू द्या. — नाही, दादा, काही म्हणू नका. गप्प बसा जरा. तार ऐकू येत नाही मला.