कोपरीतलं भरलेलं दुकान

— स्टुलावर नको ताई, खुर्ची घ्या, ट्रस्टची माणसं आमच्याकडे रोज येतात थोडीच. चहा सांगितलाय. तपासणीला आलेल्यानं घ्यायचा नसतो? मग अर्धा घ्या, अर्ध्याला नियम नसतो. तर गोळ्या माझ्या बायकोसाठी, कलावतीसाठी — फुफ्फुसाचं दुखणं, रोज एक, जन्मभर, आणि महिन्याची डबी घ्यायला या दुकानाची दोन महिन्यांची कमाई लागते. मदतीचा अर्ज तिच्याच अक्षरातला आहे, मी सातवी शिकलेला. परवा डबी बघतो तर दहा गोळ्या जास्तीच्या. म्हटलं, मेडिकलवाला चुकला. मेडिकलवाला कसला चुकतोय? ही दिवसाआड घेत होती, आणि मला रोज सांगायची, आज जरा बरं वाटतंय. डॉक्टरांना अजून बोललेलो नाही — तुम्हीही ते लिहू नका.

काय लिहिलंत? दुकान मालानं भरलेलं? म्हणजे मदत नामंजूरच की! हां, दिसतं खरं. याचीच गंमत सांगतो. मी ज्या शेठकडे हा धंदा शिकलो तो म्हणायचा, रिकाम्या फळीपुढे गिऱ्हाईक थांबत नाही. म्हणून कुकर विकला की गिऱ्हाईकाला सांगायचं, काकू, खोकं कुठे नाचवत नेता, छान पिशवी देतो — आणि खोकं पुन्हा फळीवर, चित्र पुढे करून. तीस वर्षं तेच करतोय. आता हळू बोलतो हं... वरच्या चारही फळ्या रिकाम्या आहेत ताई. नुसती खोकी. दिवाळीनंतर माल भरलेलाच नाही. गल्लीत कुणाला माहीत नाही, कलावतीलाही नाही — अर्ज लिहितानाही ती म्हणत होती, एवढा माल पडलाय, तो विका की, लोकांपुढे हात कशाला पसरता?

उघडून दाखवू? फोटो लागेल? बरोबर आहे, माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवेल. थांबा, शिडी घेतो. हे मिक्सरचं खोकं बघा, एका बोटावर उचल— या या, हरिहरकाका! नातीच्या लग्नाचं ना? पाच कुकर, सांगितलं होतंत तुम्ही. मी? काही नाही, धूळ पुसत होतो. या ताई... कंपनीकडून आल्यात, माल बघायला.

नाही ताई, राहू दे. खाली ठेवा तो मोबाइल. जे दिसतंय तेच लिहा, दुकान भरलेलं आहे. निघा तुम्ही, उशीर होईल.

बसा काका. चहा आलेलाच आहे.