हातमोज्यासाठी अडवलेली बस

नाव: अट्रॅक्टा गेरटी. वय: चौसष्ट. व्यवसाय: निवृत्त, पूर्वी शाळेत शिवणकाम आणि स्वयंपाक शिकवत असे. राहणार: चर्च रस्ता, लॉक्रे, जिल्हा गॉलवे.

मी डब्लिनच्या पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, सार्जंट फर्गल टूही यांनी विचारल्यावरून सांगते की, माझ्याविरुद्ध बस कंपनीने दिलेली तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. बस मी अडवली, हे खरं आहे. तक्रारीतल्या बाकीच्या गोष्टींत दुरुस्त्या आहेत.

आधी एक नोंद करावी. माझा फोन सार्जंटांच्या टेबलावर ठेवला आहे. माझी मोठी बहीण डिम्फ्ना हिचं हृदयाचं ऑपरेशन इथल्या हॉस्पिटलमध्ये आज सकाळपासून चालू आहे. फोन वाजला तर मी जबाब अर्धवट सोडून उठेन. सार्जंटांनी ते मान्य केलं.

काल सकाळी मी गॉलवेहून बस घेतली. कंपनीचं नाव सार्जंटांनी वर लिहिलं आहे. मी ते पुन्हा घेऊन तिची फुकट जाहिरात करणार नाही. डब्लिन पूर्वेला आहे. लॉक्रेच्या माणसाने तिथे जायचं तर आधी पश्चिमेला गॉलवेला जायचं, तिथे या बसमध्ये बसायचं, आणि ती लॉक्रेजवळून मोटरवेने सुसाट जाते तेव्हा काचेतून आपल्या गावाच्या चर्चचं टोक पाहायचं. याला थेट सेवा म्हणतात. मी शाळेत होते तेव्हाची बस प्रत्येक फाट्यावर थांबायची. ड्रायव्हर खाली उतरून म्हाताऱ्यांची औषधं आणि कुणाच्या कोंबडीच्या पिल्लांचं खोकं दारात पोचवायचा. सगळ्यांना उशीर व्हायचा आणि त्याबद्दल कुणी पोलिसांत गेल्याचं मला आठवत नाही.

तिकीट मात्र कॉफी आणि बनपेक्षा स्वस्त होतं. त्यात सीट मिळते. गुडघे कुठे ठेवायचे ते ज्याचं त्याने पाहायचं. संडासाला कुलूप होतं आणि कुलपाच्या वर हसऱ्या चेहऱ्याचं चित्र होतं.

माझ्या पिशवीत फ्लॅनेलच्या छोट्या थैलीत एक हातमोजा होता. तो कसला, हे सार्जंटांना सांगावं लागलं नाही. ते आमच्या शेजारच्या रॉसकॉमन जिल्ह्याचे आहेत. तरीही कागदासाठी सांगते. तो एका इटालियन साधूने वापरलेला मोजा आहे असं आमच्याकडे मानतात. तपकिरी लोकरीचा, उजव्या हाताचा, अंगठ्याला रफू केलेला. रफू चांगलं नाही. तो आमच्या भागात आजाऱ्याच्या घरून आजाऱ्याच्या घरी फिरतो. त्याचे नियम दोन. ज्याने मागितला त्याला नाही म्हणायचं नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून परत मागायचा नाही. काम झालं की तो आपण होऊन येतो.

डिम्फ्ना असल्या गोष्टींना हसते. आम्ही दोघी एकाच कॉन्व्हेंटमध्ये, शेजारशेजारच्या पलंगांवर वाढलो. मी पाया पडायला शिकले आणि ती वाद घालायला. परवा फोनवर मात्र ती म्हणाली, “येतेच आहेस तर ते फडकं घेऊन ये.”

मी म्हटलं, “कुठलं फडकं?”

“तुला माहीत आहे कुठलं. आणि मी मागितलं असं गावभर करू नकोस.”

तिने आजवर माझ्याकडे काहीच मागितलेलं नाही, याचा तक्रारीशी संबंध नाही असं सार्जंट म्हणतात. मी लिहायला सांगितलं.

बसमध्ये माझ्या शेजारी क्लिफडनच्या एक बाई होत्या. मी रुमाल काढताना त्यांना थैली दिसली.

“तो मोजा की काय?”

“हो. बहिणीसाठी नेतेय.”

“मग जरा माझ्या गुडघ्याला लावू दे की गं. तुझ्या बहिणीला काय कमी पडणार आहे?”

त्यांनी मागितला, मी थैलीतून काढून दिला. त्यांचं होतंय तोवर पुढच्या सीटवरच्या गृहस्थांची कंबर निघाली. मग मोजा हातोहात मागे मागे गेला. एका मुलाने तो आपल्या फोनला लावला, कारण फोन चार्ज होत नव्हता. असल्या कामासाठी साधूने आयुष्य उपासात घालवलं का, असं मला वाटलं, बोलले नाही. मोजा येईल परत, असं सगळे म्हणाले. रिकामी थैली माझ्या हातात राहिली.

डब्लिनच्या नदीकाठच्या धक्क्यावर बस थांबली. ती पुढे विमानतळावर जाते. उतरणाऱ्यांची रांग लागली. मी मागे वळून मोजा येतोय का ते बघत होते. आमच्याकडे ड्रायव्हरला थँक्यू म्हटल्याशिवाय बसमधून कुणी उतरत नाही. ड्रायव्हरने कोंबडीसारखं कोंबून आणलं असलं तरी. माझ्या पुढचा म्हणाला, त्याच्या पाठोपाठ मी म्हणाले, आणि थँक्यू म्हणून झालेला माणूस उतरतोच. पाय फुटपाथवर टेकला तेव्हा मला कळलं की मी काय केलं.

मी ड्रायव्हरला म्हटलं, “माझा मोजा मागे राहिलाय.”

कहल ब्रेस्लिन नावाचे ते डोनेगलचे गृहस्थ आहेत. माणूस वाईट नाही. त्यांच्या समोर एक स्क्रीन आहे, ती उशीर झाला की लाल होते. ते म्हणाले, “मॅडम, हरवलेल्या वस्तूंसाठी वेबसाइटवर फॉर्म आहे.”

“हरवलेला नाही. तुमच्याच बसमध्ये आहे.”

“मग हरवलेला नाही, तर फॉर्मसुद्धा नाही.” आणि दार बंद झालं.

कॉन्व्हेंटच्या सिस्टर बेनिग्ना आम्हाला सांगायच्या की चांगल्या घरच्या मुली बसच्या मागे धावत नाहीत. म्हणून मी पुढे जाऊन उभी राहिले.

तक्रारीत म्हटलं आहे की मी बसच्या मार्गिकेत धार्मिक सभा भरवली. हे चूक आहे. हॉर्न वाजत होते, मला भीती वाटली, म्हणून मी ‘नमो मारिया’ या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग पुटपुटले, तोही स्वतःपुरता. फुटपाथवर सामान घेऊन उभ्या असलेल्या मेयोच्या एका माणसाने दुसरा अर्धा मोठ्याने म्हटला. त्याचा दोष नाही. आमच्याकडे वाढलेल्या कुणाच्याही कानावर पहिला अर्धा पडला की तोंडातून दुसरा अर्धा बाहेर पडतो; माणूस पंचवीस वर्षं चर्चमध्ये गेला नसला तरी. मग पहिला भाग पुन्हा म्हणणं मला भाग पडलं, कारण फुटपाथवरचे सगळे थांबून माझ्याकडे बघत होते. ब्रेस्लिनसुद्धा काचेआडून ओठ हलवत होते. त्यांनी आपल्या कंपनीला हे कळवलेलं दिसत नाही.

शेवटी त्यांनी दार उघडून मागे हाक मारली, “ज्याच्याकडे बाईंचा मोजा आहे त्याने आणून द्या रे, माझी नोकरी जाईल.”

कुणी उठलं नाही. मग अगदी शेवटच्या सीटवरून एक बाई खाली आल्या. सोरखा लॅली, ओरॅनमोरच्या. कडेवर चारेक वर्षांची झोपलेली मुलगी होती. मोजा तिच्या स्वेटरच्या आत, छातीवर ठेवलेला होता.

त्या म्हणाल्या, “बाई, मला सगळं ऐकू येत होतं. ड्रायव्हरने हाक मारली तेही. मी उठले नाही.”

मी विचारलं, “कुठे नेताय हिला?”

“लंडनला. इथे करत नाहीत ते ऑपरेशन.” मग त्यांनी मुलीच्या स्वेटरमध्ये हात घातला. “घ्या. तुमचा आहे. मी मागितलाही नव्हता, नुसता माझ्यापर्यंत आला आणि मी पुढे दिला नाही.”

मोजा परत मागायचा नसतो हा नियम मी भर रस्त्यात, डब्लिनच्या अर्ध्या वाहतुकीसमोर मोडला होता. मी म्हटलं, “राहू दे. आत आहे तसाच राहू दे, बाळ जागं होईल.”

“आणि तुमच्या बहिणीचं?”

“तिचा यावर विश्वास नाही,” मी म्हटलं.

त्या मुलीला घेऊन परत बसमध्ये चढल्या. मी बाजूला झाले. बस गेली. या सगळ्याला बावीस मिनिटं लागली असं कंपनी म्हणते, ते असेल.

सार्जंटांनी विचारलं, चोरी झाली असं लिहू का? नाही. चोरी झालेली नाही. सार्जंटांनी पेन खाली ठेवून विचारलं की मोजा लंडनहून आला की पुढे कुणाकडे जायचा आहे. त्यांच्या आईच्या डोळ्यांचं काहीतरी आहे. हे लिहू नका असं ते म्हणाले. मी म्हटलं, लिहा, म्हणजे तुम्ही मागितल्याची नोंद राहील, आणि मागितलेल्याला कुणी नाही म्हणत नाही.

काल तिथून मी हॉस्पिटलला गेले आणि दारातच माझा स्वतःचा एक मोजा काढून त्या थैलीत घातला. तपकिरी लोकरीचाच आहे. हे मी घाईत केलं आणि त्यावर मला काही म्हणायचं नाही. डिम्फ्ना पलंगावर बसली होती. ती त्या गाऊनमध्ये फार लहान दिसत होती. तिने थैली घेतली, आत हात घालून पाहिलं आणि उशीखाली ठेवून दिली.

“बस कशी होती?”

“स्वस्त,” मी म्हटलं.

येथे फोन वाजल्याने जबाब थांबवला. काही वेळाने पुन्हा सुरू केला.

फोन हॉस्पिटलच्या नर्सचा होता. ऑपरेशन नीट झालं आहे. डिम्फ्ना अजून झोपेत आहे, हृदय आपलं आपण चालतंय. नर्स म्हणाली की आत नेण्याआधी बाईंनी एक निरोप ठेवला आहे, सगळं ठीक झालं तरच सांगायचा या अटीवर. निरोप असा: “अट्रॅक्टाला सांगा, साधूचा मोजा उजव्या हाताचा असतो. हा डाव्या हाताचा आहे. जन्मभर शिवणकाम शिकवणाऱ्या बाईला एवढं कळू नये? रात्रभर तो मी हातात घालून झोपले. परत मागायला येऊ नकोस म्हणावं, माझं काम अजून झालेलं नाही.”

निरोप जसाच्या तसा लिहावा असं मी सांगितलं. तो लिहिताना सार्जंटांना थोडा वेळ लागला.

बस अडवल्याबद्दल जो दंड असेल तो मी भरीन. कंपनीबद्दल माझी तक्रार नाही. परतीचं तिकीट त्याच बसचं काढलेलं आहे. ते बदलताही येत नाही आणि रद्दही करता येत नाही.

हे सगळं मी माझ्या तोंडाने सांगितलं, ते लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं, आणि ते मी सांगितलं तसंच आहे. ठाण्याचा हीटर बंद असल्याने सही उरलेला मोजा घालून केली आहे, म्हणून अक्षर वाकडं आलं.

अट्रॅक्टा गेरटी